अठरा तासांची मात्रा

औषधाच्या चाचणीत मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहितात. आमच्या चाचणीत ती तासांत आहे : दिवसाला १८. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या मुलांच्या एका इस्पितळात मी क्लिनिकल ट्रायलची समन्वयक आहे. मेंदूत गाठ असलेल्या मुलांच्या डोक्याला चिकटवायचं एक यंत्र त्यांना पेलवतं का, हे आमची टीम तपासते. शिक्षण सांगलीला बी.फार्म., पुढचं सगळं इथं. हा दिवस जुलैतल्या एका मंगळवारचा. मुलांची ओळख पटणार नाही इतके तपशील बदलले आहेत.

सकाळी ६.१०

रात्री पावणेतीनचा मेसेज : ‘पुन्हा वाजलं. बंद केलं. झोपू दिलं त्याला.’ सहा वर्षांच्या मुलाची आई आहे. वाजलं म्हणजे यंत्राचा अलार्म. डोक्यावरचे पॅच विजेवर चालतात, म्हणून तापतात. प्रत्येक पॅचमध्ये बारीक तापमापक असतात, आणि कातडीला ४१ अंशांच्या वर चटका बसू नये म्हणून यंत्र आपणहून प्रवाह कमी करतं. तेवढ्यानं भागलं नाही की ओरडतं. जुलैचा उकाडा, घामानं भिजलेलं डोकं आणि त्याखाली फोमची उशी, म्हणजे ते ओरडणारच.

अशा वेळी फोन करायला कंपनीची चोवीस तासांची लाइन आहे. पण रात्री पावणेतीनला माणूस ओळखीच्या चेहऱ्यालाच मेसेज करतो. मी लिहिलं, ‘बरं केलंत. साडेआठला या, पॅच बदलायचेच आहेत.’ त्या रात्रीचे चारेक तास गेले. ते गेले म्हणून मी तिला काही म्हणणार नाही, पण वहीत मात्र ते गेलेलेच लिहिणार. माझ्या नोकरीतलं अर्धं काम हे एवढंच आहे.

७.००

गाडीत अर्धा तास. तेवढ्यात यंत्राची ओळख करून देते.

पेशी दुभंगते तेव्हा तिच्या आत ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे धागे उभे राहतात आणि त्यांच्या आधारानं गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जातात. या प्रथिनाच्या कणाला विजेची दोन टोकं असतात. बाहेरून सेकंदाला दोन लाख आवर्तनांचं क्षीण विद्युतक्षेत्र लावलं की हे कण जागेवर नीट बसत नाहीत, विभाजन फसतं, आणि पुष्कळदा पेशी मरते. मेंदूतल्या मज्जापेशी सहसा दुभंगत नाहीत, गाठ मात्र सारखी दुभंगत असते. म्हणून मार गाठीला बसतो. हैफाच्या टेक्निऑन संस्थेतले शरीरशास्त्राचे प्राध्यापक योराम पाल्ती यांच्या डोक्यातली ही कल्पना. २००० साली त्यांनी नोव्होक्युअर ही कंपनी काढली. उपचाराला टीटीफील्ड्स म्हणतात, यंत्राला ऑप्ट्यून.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे चुंबकाच्या बांगडीच्या जातीतलं वाटलं होतं. पुष्कळ मोठ्या डॉक्टरांनाही तसंच वाटत होतं. मग ६९५ रुग्णांची मोठी चाचणी झाली. ग्लायोब्लास्टोमा या सगळ्यांत वाईट गाठीवर नुसत्या केमोच्या गोळ्या घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान १६ महिने निघालं, गोळ्या आणि यंत्र दोन्ही घेणाऱ्यांचं २०.९. पाच वर्षांनी हयात असलेले पहिल्या गटात शंभरातले पाच, दुसऱ्यात तेरा. २०१७ मध्ये हे ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. शंका घेणारे आजही म्हणतात की नियंत्रण गटाला खोटं यंत्र दिलेलं नव्हतं. खरं आहे. पण १८ तास डोकं तापवणारं खोटं यंत्र एखाद्या मरणासन्न माणसाच्या डोक्याला बांधायला मी तरी तयार झाले नसते.

हे सगळं मोठ्यांचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, एफडीएनं, २०११ मध्ये परवानगी दिली ती २२ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी. बावीसच का, असा प्रश्न प्रत्येक घर विचारतं. उत्तर मेंदूत नाही, कायद्यात आहे : उपकरणांच्या बाबतीत एफडीए बाविसाव्या वाढदिवसापर्यंत माणसाला मूलच धरते. मतदानाला मोठा, सैन्यात जायला मोठा, या यंत्राला मात्र लहान. बरं, मुलांत हा आजार दुर्मीळ म्हणून दुर्लक्ष झालं म्हणावं, तर २०१४ पर्यंत अमेरिकेत १ ते १९ वयात कर्करोगानं होणाऱ्या मृत्यूंत मेंदूच्या गाठींनी रक्ताच्या कर्करोगाला मागं टाकलं होतं. रक्ताच्या कर्करोगावरचे उपचार सुधारले, मेंदूचे तेवढे सुधारले नाहीत. राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पाठबळावर १९९९ मध्ये सुरू झालेल्या पीडियाट्रिक ब्रेन ट्यूमर कन्सॉर्शियम या इस्पितळांच्या गटानं पुढे ५ ते २१ वयाच्या, गाठ उलटलेल्या मुलांत हे यंत्र तपासायला घेतलं. त्या चाचणीचा पहिला प्रश्न गाठ किती लहान होते हा नव्हताच; मुलं ते घालू शकतात का, हा होता. आमचाही तोच आहे.

७.४५

सकाळची बैठक. एका बारा वर्षांच्या मुलाचं नाव सुचवलं गेलं. त्याच्या डोक्यात पाणी काढून देणारी शंट आहे, तीही बाहेरून चुंबक धरून दाब बदलता येणारी. आमच्या नियमावलीत बसत नाही. दहा मिनिटांत विषय संपला. त्याच्या घरी सांगायला डॉक्टरांना याच्या कितीतरी पट वेळ लागेल.

८.३०

पॅच बदलणं. दर तीन-चार दिवसांनी करायचं असतं. एरवी आई-वडील घरीच करतात, पण कातडी लाल दिसायला लागली की आम्ही इथं बोलावतो. कालच्या रात्रीचं ते सहा वर्षांचं पोर आईच्या मांडीवर बसलंय, हातात टॅबलेट, कार्टून लावलेलं.

आधी कडेकडेनं बेबी ऑइल. चिकटा सुटेपर्यंत थांबायचं, ओढायचं नाही. चार पॅच, प्रत्येकावर नऊ चकत्या, म्हणजे छत्तीस. मोठ्या माणसाच्या डोक्यावर त्या ऐसपैस बसतात. याच्या डोक्यावर कडा एकमेकांवर चढतात. म्हणून चाचणीत घेताना आम्ही आधी डोक्याचा घेर मोजतो. पॅच निघाला की खाली चकतीच्या आकाराचे गुलाबी गोल दिसतात, ओळीनं तीन-तीन. गोल गुलाबी असेल तर ठीक. गडद लाल, पाणी भरलेला किंवा खरचटलेला असेल तर डॉक्टर येतात. आज कानामागच्या दोन गोलांचा रंग मला आवडला नाही. फोटो काढला, शेजारी मोजपट्टी ठेवून.

मग हेअर मशीन. तीन दिवसांत केस दिसतात न दिसतात एवढेच उगवतात, तरी काढावेच लागतात. केस आणि जेल यांचं जमत नाही. ब्लेड मात्र कधी वापरायचं नाही, बारीक काप गेला तरी तिथं पुढं जखम होते. सौम्य शाम्पूनं धुवायचं, कोरडं करायचं, स्पिरिटचा बोळा फिरवायचा. हे त्याला अजिबात आवडत नाही, थंड लागतं. तो टॅबलेटवरून नजर न हलवता म्हणाला, “हा भाग लवकर कर.” स्पिरिट पूर्ण वाळेपर्यंत पुन्हा थांबायचं. घाई करणाऱ्या बाबाच्या हातचा पॅच दुसऱ्या दिवशी सुटतो, हे मी पैजेवर सांगेन.

नवे पॅच जुन्या जागेपासून दोन सेंटिमीटर सरकवून लावायचे, म्हणजे खालच्या कातडीला विसावा मिळतो. कुठला पॅच कुठं, याचा नकाशा एमआरआयवरून आखलेला असतो : एक जोडी डावी-उजवी, एक पुढची-मागची, म्हणजे क्षेत्र गाठीतून दोन दिशांनी आरपार जातं. शस्त्रक्रियेच्या वणावर चकती येऊ द्यायची नाही. या मुलाचा वण कानापासून कपाळाकडं जातो आणि नकाशातली एक चकती बरोबर त्यावर येते. पॅच थोडा फिरवून मी त्यातून वाट काढली. शेवटी काळ्या आणि पांढऱ्या जोडण्या, एक जाड वायर, वायरीच्या टोकाला पिशवीतलं यंत्र. बॅटरीसकट सव्वा किलोच्या आसपास. पहिलं मॉडेल याच्या दुपटीहून जड होतं. ते घेऊन हे पोर जिना चढलं नसतं.

बटण दाबलं. निळा दिवा लागला. आईनं हातावरचं घड्याळ पाहिलं. मुलं या वेळेला काय पाहतात माहीत नाही, पण आया घड्याळच पाहतात.

उशी बदला, मी म्हटलं. फोमची काढून साधी कापसाची द्या आणि रात्री पंखा डोक्याच्या बाजूला लावा. एवढं सांगायला बी.फार्म. लागत नाही, पण रात्री पावणेतीनला ते सुचतही नाही.

१०.००

संमतीची बैठक. पंधरा वर्षांची मुलगी, आई आणि वडील. गाठ परत आली आहे. शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन झालं, केमो झाली. संमतीपत्र वीसेक पानांचं. मी ते वाचून दाखवत नाही, समजावून सांगते. डॉक्टर शेजारी बसतात.

वडिलांनी पहिल्याच पानावर विचारलं, “यानं गाठ जाईल का?”

या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे आणि ते मी बदलत नाही. “मोठ्या माणसांत यानं काही महिने वाढले, काहींचे जास्त वाढले. मुलांत काय होतं ते ठाऊक नाही; तेच शोधतोय. तुमच्या मुलीला फायदा होईलही, होणारही नाही. तिनं ते घातलं की पुढच्या मुलांसाठी एक गोष्ट नक्की कळेल : पंधरा वर्षांच्या मुलीला ते दिवसाचे किती तास घालता येतं.” शेवटचं वाक्य ऐकून लोक थोडे दुखावतात. दुखावलेले चालतील. ‘चाचणी’ हा शब्द ‘नवा उपचार’ असा ऐकून घरी गेलेले मला चालत नाहीत, कारण पुढचा एमआरआय बिघडला की तेच लोक स्वतःला दोष देत बसतात : आपण तास कमी भरले, म्हणून.

मुलगी गप्प होती. मग तिनं प्रश्न विचारले, एकेक.

“केस?”

“काढावे लागतील. पूर्ण. चाचणी चालेल तोवर.”

“पोहायला?”

“पॅच काढून. म्हणजे ते तास गेले.”

“शाळेत वाजलं तर?”

“बॅटरी दोन-तीन तास चालते. संपत आली की वाजतं. बदलायला मिनिटही लागत नाही, पण वर्गात सगळ्यांना कळेल.”

रेडिएशनच्या वेळी गेलेले तिचे केस आता कुठं कानापर्यंत आले होते. तिनं ते कानामागं सारले आणि म्हणाली, “नको.”

आई रडायला लागली. वडील म्हणाले, आम्ही तिला समजावतो. डॉक्टर काही बोलले नाहीत. आमच्यात ते ठरलेलं आहे. इथल्या नियमात मुलाचीही संमती घ्यावी लागते, साधारण सात वर्षांपासून पुढं. पण उपचारात मुलाचा स्वतःचा फायदा होण्याची शक्यता असेल तर मुलाच्या ‘नको’वर आई-वडिलांच्या ‘हो’नं मात करता येते. कागदावर करता येते. इंजेक्शन असतं तर हात धरून देताही आलं असतं. १८ तास डोक्यावर वागवायचं यंत्र कोणी कोणाला हात धरून घालू शकत नाही. जी मुलगी स्वतः बॅटरी बदलणार नाही, तिची मात्रा पहिल्या आठवड्यातच शून्यावर येईल.

मी फाइल मिटली आणि तिला म्हटलं, नंतर मन बदललं तर फोन कर, तू स्वतः कर. मन बदलणार नाही असं मला वाटतं. तिनं वीस मिनिटांत जे जोखलं ते बरोबर जोखलं, असंही वाटतं. पण हे मत माझं, डॉक्टरांचं नाही.

१२.१५

डबा. पोळी-भाजी, उभ्यानं.

१२.४०

तासांचा हिशेब. यंत्राच्या आत नोंद असते : कधी सुरू झालं, कधी बंद, किती वेळ. महिन्यातून एकदा ती उतरवून घेतो. घरच्यांनीही वही लिहायची असते. वही आणि यंत्र यांचं क्वचितच जुळतं.

एका घरची वही रोज १८ तास सांगते. कधी साडेअठरा, कधी पावणेअठरा, पण अठराच्या आसपास. यंत्र म्हणतं, सरासरी १३. असली वही पाहिली की आधी राग येतो, मग तो ओसरतो. त्या घरचा मुलगा आठ वर्षांचा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रोज सकाळी दहा ते दुपारी चार नोंद कोरी. वडिलांना फोन लावला. विचारायचं कसं, याचीही एक रीत आहे. ‘यंत्र बंद का होतं’ असं विचारलं की माणूस वकील होतो. मी विचारलं, “त्या आठवड्यात काय मजा केली?”

“समर कॅम्प,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “तळ्यावरचा. त्यानं वर्षभर धोसरा लावला होता.”

“छान झालं. मी लिहून घेते.”

मी खरंच लिहून घेतलं : कॅम्प, पाण्यातले खेळ, पालकांचा निर्णय. चाचणीच्या दृष्टीनं हे सोन्यासारखं आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ वर्षांचं मूल १८ तास वायरीला बांधलेलं राहत नाही, एवढं आम्हाला कळलं. खोट्या १८ नं काहीच कळलं नसतं.

तासांवरून डॉक्टरांच्या खोलीत एक जुना वाद आहे. मोठ्यांच्या आकडेवारीत यंत्र जास्त वेळ घालणारे जास्त जगले. कंपनीच्या तक्त्यात ही चढती रेघ मोठ्या दिमाखात असते. पण ज्याची तब्येत मुळात बरी तो यंत्र जास्त वेळ घालू शकतो, आणि ज्याची ढासळली त्याचे तास आपोआप घसरतात. मग यंत्रानं जगवलं की तब्येतीनं घालू दिलं? मला वाटतं दोन्ही थोडं थोडं. पण हा वाद आई-बापांसमोर नीट मांडला नाही, तर ते ती रेघ परीक्षेच्या गुणपत्रिकेसारखी वाचतात, आणि आठ वर्षांचा मुलगा नापास होतो.

उलट टोकही आहे. एका मुलीचे २१ तास भरले आहेत, महिनाभर. तिची कातडी पाहिली की कळतं. मी डॉक्टरांना लिहिलं : हिच्या आईला दोन दिवस सुट्टी घ्यायला तुम्ही सांगा, माझं ऐकत नाही.

२.००

तपासणीचा दवाखाना. वजन, उंची, रक्त, मग लान्स्की. सोळा वर्षांखालच्या मुलांची तब्येत मोजायची ही मापनपद्धती मला फार आवडते, कारण ती खेळ मोजते. १०० म्हणजे नेहमीसारखं खेळतं. ८० म्हणजे खेळतं, पण लवकर दमतं. ५० म्हणजे बराच वेळ पडून असतं, बैठा खेळ मात्र खेळतं. मोठ्यांना विचारतात कामावर जाता का. मुलांना विचारतात, काय खेळलास?

नऊ वर्षांची मुलगी. मागच्या वेळी ९०, आज आई म्हणते सायकल बंद, झोका बंद, घरात रंगवत बसते. म्हणजे ७० धरायचे. पण का बंद? मी तिलाच विचारलं. “पिशवी साखळीत अडकते.” झोक्याचं? “वायर मागं राहते.”

मग हे ७० गाठीचे की वायरीचे? मापनपद्धती तिच्या काळात तिच्या जागी बरोबर होती. कॅन्सरच्या मुलांना सव्वा किलोची पिशवी गळ्यात अडकवून फिरावं लागेल हे तेव्हा कोणाच्या स्वप्नात नव्हतं. डॉक्टरांनी तिला बोट नाकाला लावायला सांगितलं, एका रेषेत चालवलं, डोळ्यांत टॉर्च मारला. सगळं मागच्यासारखंच. तरी नियमावलीप्रमाणं आकडा ७० च टाकला आणि समासात लिहिलं : वायर. समासातलं कोणी वाचतं का, हा वेगळा प्रश्न. मला विचाराल तर या चाचणीतून निघणारी सगळ्यांत कामाची गोष्ट अशा समासातूनच निघेल. मुलांसाठी यंत्र करायचं तर आधी वायर आखूड करा, पिशवी पाठीला घट्ट बसेल अशी करा, चकत्या लहान करा. गाठीचं शास्त्र त्यानंतर.

३.३०

एमआरआयचा निकाल. यंत्रासकट आत जाता येत नाही, म्हणून सकाळीच पॅच काढले होते. सात वर्षांचा मुलगा, आमच्याकडं बराच काळ असलेला. गाठ वाढली आहे, बाजूला नवीन ठिपकाही आहे. नियमावलीत याचा एकच अर्थ : तो चाचणीतून बाहेर.

डॉक्टरांनी आई-वडिलांना आतल्या खोलीत सांगितलं. मी बाहेर मुलाबरोबर. पॅच पुन्हा लावायचे नाहीत म्हटल्यावर त्यानं दोनदा विचारून खात्री केली, मग टोपी फिरकावून दिली आणि डोकं दोन्ही हातांनी खसाखसा खाजवलं. तेवढ्यात आई बाहेर आली. तिनं मला एकच विचारलं : “आम्ही घरी चालू ठेवलं तर?” मी म्हटलं, तो प्रश्न डॉक्टरांशी बोला, माझ्या हातात नाही. हे उत्तर बरोबर आहे आणि मला ते देववत नाही.

यंत्र परत घेतलं. बॅटऱ्या चार, चार्जर एक, पिशवी एक. नोंद उतरवली. त्याचे तास चांगले होते.

४.४५

कागद. चाचणीत जे जे वाईट घडतं ते सगळं लिहावं लागतं, एक ते पाच अशा श्रेणीत. एक म्हणजे किरकोळ, पाच म्हणजे मृत्यू. कानामागची लाली : एक. खाज : एक. रात्रीची झोपमोड : मुलाची लिहायला रकाना आहे, आईची लिहायला नाही. ‘वायरीत पाय अडकून पडला, गुडघा खरचटला’ : श्रेणी एक, यंत्राशी संबंध, निश्चित. हे लिहिताना माझ्या शेजारची हसते, कारण आमच्याकडं याच जातीच्या घटना सगळ्यांत जास्त आहेत. मोठ्यांच्या चाचणीत निम्म्याहून अधिकांना पॅचखाली कातडीचा त्रास झाला होता, गंभीर म्हणावा असा शंभरातल्या दोघांना. गुडघ्यांचा हिशेब मी तिथं वाचला नाही. मोठी माणसं अंगणात पळत नाहीत.

६.१५

घरी. वरण-भात, दुसरं काही सुचलं नाही.

रात्री ८.३०

भारतात सकाळचे सात. नाशिकहून फोन, मावसभावाच्या ऑफिसातले गृहस्थ. असे फोन मला येतात, आणि मी ते घेते.

“ताई, पुतणी सात वर्षांची आहे. ऑपरेशन झालंय. रिपोर्टमध्ये हाय ग्रेड ग्लायोमा आलंय. रेडिएशन पुढच्या सोमवारपासून म्हणतात. पण व्हॉट्सॲपवर एका टोपीचा व्हिडिओ आलाय, इलेक्ट्रिकची. रेडिएशनच्या ऐवजी ती लावता येईल का? जमीन विकायची तयारी आहे.”

“दादा, आधी एक सांगते, जमीन विकू नका.”

मग मी त्यांना सांगितलं ते इथं लिहिते, कारण हा फोन एकाच घरचा नसतो. हे यंत्र मोठ्यांच्या एका जातीच्या गाठीवर चालतं, तेही शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झाल्यावर, गोळ्यांबरोबर. त्यांच्या जागी नाही. मुलांमध्ये ते गुण देतं असं अजून सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेत त्याचा दर महिन्याला सुमारे २१ हजार डॉलर सांगितला जात आला आहे, म्हणजे सतरा लाख रुपयांहून जास्त. पॅच सतत नवे लागतात, एकदा घेतलं आणि झालं असं ते नाही. कोणी एजंट ‘मुलांसाठी खास’ म्हणून विकत असेल तर त्याला चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा. भारतात २००९ पासून प्रत्येक औषध-उपकरणाच्या चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी करावी लागते आणि ती यादी कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. क्रमांक नसेल तर फोन ठेवून द्या. दुसरं मत हवं असेल तर रिपोर्ट, स्लाइड आणि एमआरआयची सीडी घेऊन परळच्या टाटा मेमोरियलला किंवा टाटाच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्राला जा. मुलांच्या मेंदूच्या गाठी पाहणारे डॉक्टर तिथं आहेत. आणि खऱ्याखुऱ्या चाचणीत घ्यायची वेळ आलीच, तर पुतणीला विचारा. सात वर्षं पूर्ण झाली की भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, आयसीएमआरच्या, नियमांप्रमाणं तिलाही विचारावं लागतं.

“म्हणजे सोमवारी रेडिएशनला न्यायचं?”

“न्यायचं. टोपीपायी सोमवार चुकवू नका.”